महूचा घोडेस्वार : कॅप्टन लॉरेन्स ओट्स

पावसाळा लागला की इंदूरकर मराठी कुटुंबे पातालपाणीचा धबधबा पाहायला निघतात. वाटेत महूची छावणी लागते. कागदोपत्री आता तिचे नाव डॉ. आंबेडकर नगर असले, तरी जुन्या तोंडांत अजून महूच बसलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी याच छावणीत झाला, कारण त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तेथे लष्करात होते. महूची ही ओळख आपल्याला आहे आणि तिचा आपल्याला अभिमानही आहे. पण याच छावणीतून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक घोडेस्वार अधिकारी थेट दक्षिण ध्रुवाच्या वाटेला लागला आणि परत आला नाही, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याचे नाव कॅप्टन लॉरेन्स ओट्स. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही त्याचे चरित्र निवडले आहे.

महू आणि घोडदळ यांचे नाते आपल्या इतिहासातूनच निघते. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर होळकरांच्या राजधानीवर नजर राहील अशा बेताने इंग्रजांनी महूला छावणी टाकली. ज्या माळव्यात मराठ्यांच्या घोड्यांच्या टापा वाजल्या, तेथे गोऱ्या पलटणींच्या पागा उभ्या राहिल्या. पुढे नव्वद वर्षांनी अशाच एका पागेत ओट्स आला.

त्याचा जन्म १७ मार्च १८८० रोजी लंडनच्या पटनी भागात झाला. घराणे जमीनदाराचे. इसेक्स परगण्यातल्या गेस्टिंगथॉर्प या खेड्यात मोठा वाडा, शेती, नोकरचाकर आणि तबेला असा थाट होता. वडील विल्यम ओट्स यांना प्रवासाचा नाद होता, आणि चुलते फ्रँक ओट्स तर आफ्रिकेत व्हिक्टोरिया धबधबा पाहणाऱ्या पहिल्या काही युरोपियनांपैकी एक होते. परतीच्या वाटेवर तापाने त्यांचा अंत झाला. दूरच्या मुलखाची ओढ आणि तिची किंमत, दोन्ही या घराने पाहिलेल्या होत्या.

लॉरेन्स मात्र लहानपणी नाजूक होता. छातीचे दुखणे सतत मागे असे. ईटनच्या नामांकित शाळेत त्याला घातले, पण दोन वर्षेही पुरी न होता आजारपणामुळे ती सोडावी लागली. अभ्यासात गती बेताची, शुद्धलेखन कच्चे, आणि परीक्षा म्हटली की घाम फुटायचा. तो सोळा वर्षांचा असताना वडील मदेरा बेटावर विषमज्वराने वारले. त्यानंतर घराची सारी सूत्रे आई कॅरोलाइन यांच्या हाती आली. त्या करड्या शिस्तीच्या आणि हिशेबाला चोख होत्या. थोरल्या मुलावर त्यांचा फार जीव. तोही जेथे जाईल तेथून आईला नेमाने पत्रे लिहीत राहिला. आज त्याच्या मनात काय चालले होते हे कळते, ते मुख्यतः या पत्रांमुळे.

पुस्तकात न रमणारा हा मुलगा घोड्यावर बसला की वेगळाच होई. लष्करात जायचे त्याने ठरवले होते, पण सरळ परीक्षेची वाट जमेना, म्हणून तो १८९८ मध्ये आडवाटेने वेस्ट यॉर्कशायर पलटणीच्या राखीव दलात दाखल झाला. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले, अधिकाऱ्यांची गरज वाढली आणि १९०० मध्ये त्याला सहाव्या इनिस्किलिंग ड्रॅगून्स या घोडदळाच्या पलटणीत नेमणूक मिळाली. ही पलटण जुनी. १८१५ साली वॉटर्लूच्या रणात तिने नेपोलियनच्या फौजेवर घोडे घातले होते. गंमत अशी की ओट्सचा आवडता पुरुष मात्र नेपोलियनच. पुढे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर असताना त्याच्या बिछान्याशी एकच चित्र टांगलेले असे, आणि तेही नेपोलियनचे.

१९०१ च्या आरंभी तो दक्षिण आफ्रिकेत पोचला. ६ मार्च रोजी केप वसाहतीतल्या अ‍ॅबर्डीन गावाजवळ पंधरा माणसांची टेहळणीची तुकडी घेऊन तो बाहेर पडला होता. बोअरांनी त्यांना गाठले. शत्रू संख्येने जास्त आणि नेमबाजीत पटाईत. ओट्सच्या माणसांनी एका कोरड्या नाल्याचा आसरा घेतला. बोअरांनी शरण येण्याचा निरोप दोनदा पाठवला आणि दोन्ही वेळा ओट्सने तो परत लावला. काडतुसे संपत आली तेव्हा त्याने आपल्या माणसांना एकेक करून मागे निसटायला लावले. तो स्वतः उठू शकत नव्हता, कारण गोळीने त्याच्या डाव्या मांडीचे हाड फोडले होते. मदत येईपर्यंत तो तासन्‌तास तसाच उन्हात पडून राहिला. तेव्हा त्याला एकविसावे वर्ष संपायला अकरा दिवस कमी होते. त्या दिवसापासून शरण न जाणारा ओट्स हे नाव त्याला चिकटले. व्हिक्टोरिया क्रॉससाठी त्याची शिफारस झाली होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात, पण ते पदक काही मिळाले नाही. पाय वाचला, मात्र हाड सांधले ते आखूड. डावा पाय उजव्यापेक्षा सुमारे एक इंचाने कमी झाला आणि चालण्यात कायमची लचक आली. घोड्यावर बसल्यावर ती कोणाला दिसत नसे. बरा होताच तो पुन्हा त्याच युद्धावर गेला.

युद्ध संपले. १९०२ मध्ये तो लेफ्टनंट आणि १९०६ मध्ये कॅप्टन झाला. आयर्लंड, मग इजिप्त आणि मग हिंदुस्थान अशी पलटण फिरत राहिली. १९०८ च्या सुमारास इनिस्किलिंग ड्रॅगून्स महूला आले.

छावणीतले जीवन शांततेच्या काळात कसे असते, हे महूच्या आसपास राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. सकाळी परेड, घोड्यांची पाहणी, दुपारी झोप, संध्याकाळी खेळ आणि रात्री मेस. ओट्सने शिकारी कुत्र्यांचा कळप बाळगला, माळव्याच्या काळ्या मातीत कोल्ह्यामागे घोडे पिटाळले, शर्यतींत भाग घेतला. तरी त्याचे मन तेथे लागले नाही. त्याला काम हवे होते. कवायत म्हणजे काम नव्हे, अशी त्याची समजूत होती. कपड्यांच्या बाबतीत तो बेफिकीर होता, बोलणे अगदी मोजके, आणि मेसमधल्या गप्पांपेक्षा पागेत त्याचा वेळ अधिक जाई. घोड्याच्या नालापासून चंदीपर्यंत सगळे तो स्वतः पाही.

सप्टेंबर १९०९ मध्ये कॅप्टन रॉबर्ट स्कॉट या आरमारी अधिकाऱ्याने दक्षिण ध्रुवाच्या नव्या मोहिमेची घोषणा केली. खर्चासाठी ४० हजार पौंड हवे होते. आठ हजारांवर लोकांनी अर्ज केले. त्यांतला एक अर्ज महूहून गेला. ओट्सने नोकरी मागितली, पगार नव्हे. उलट मोहिमेच्या निधीत त्याने पदरचे एक हजार पौंड घातले. जहाजावर त्याची नोंद झाली ती महिना एक शिलिंग अशा नाममात्र वेतनावर.

आपल्या मराठी फौजेत घोडेस्वारांचे दोन प्रकार असत. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. ओट्स या मोहिमेवर गेला तो शिलेदार म्हणून, असे आम्हांला वाटते. त्याने पैसाही स्वतःचा घातला आणि जीवही. फक्त घोडे त्याच्या पसंतीचे नव्हते, आणि तेथूनच पुढची सगळी गोष्ट सुरू होते.

स्कॉटने सामान ओढण्यासाठी तीन साधने ठरवली होती. मोटारीवर चालणाऱ्या स्लेज, कुत्रे आणि मंचुरियातली तट्टे. तट्टांची जबाबदारी ओट्सवर येणार होती. पण ती खरेदी करायला ओट्सला पाठवलेच नाही. कुत्र्यांचा जाणकार असलेला सेसिल मिअर्स हार्बिनला गेला आणि एकोणीस तट्टे घेऊन आला. पांढऱ्या किंवा करड्या रंगाचीच घ्यावीत अशी अट होती, कारण आधीच्या शॅकल्टनच्या मोहिमेत काळसर तट्टे आधी मेली होती. रंग पाहिला गेला, पण वय, दात आणि खूर पाहायचे राहिले. भीमथडीच्या तट्टांवर ज्यांनी दिल्लीपर्यंत मजल मारली, त्यांच्या वंशजांना जनावर कसे निवडावे हे सांगायला नको. ओट्सने न्यूझीलंडमध्ये ही तट्टे प्रथम पाहिली आणि त्याचे मन खट्टू झाले. कोणी म्हातारे, कोणी लंगडे, कोणाचा दम उखडलेला. त्याने एकेकाचे दोष लिहून काढले, स्कॉटपुढे ठेवले, आणि मग त्याच तट्टांच्या सेवेला लागला. चारा पुरेसा घेतलेला नाही हेही त्याच्या लक्षात आले. त्यावर वाद झाला, थोडी वाढ मिळाली, आणि उरलेल्यापैकी काही चारा त्याने स्वतःच्या खिशातून घेतला.

२९ नोव्हेंबर १९१० रोजी टेरा नोव्हा जहाजाने न्यूझीलंडचा किनारा सोडला. दोनच दिवसांत भयंकर तुफान झाले. पंपात गाळ अडकला, पाणी चढत गेले, आणि जहाज बुडते की काय अशी वेळ आली. नाळेकडच्या अंधाऱ्या कप्प्यात पंधरा तट्टे आणि उघड्या फळीवर चार तट्टे दाटीने बांधलेली होती. जहाज कलंडले की जनावरे पाय सरकून पडत. ओट्स आणि त्याचा मित्र, आरमाराचा डॉक्टर अ‍ॅटकिन्सन, रात्रभर त्यांच्यामध्ये उभे राहून पडलेल्यांना खांदा देऊन उठवत राहिले. दोन तट्टे दगावली आणि सतरा वाचली. जहाजावरच्या खलाशांनी या अबोल लष्करी माणसाला सोल्जर असे नाव ठेवले होते. त्या रात्रीनंतर ते नाव आदराने उच्चारले जाऊ लागले.

जानेवारी १९११ मध्ये रॉस बेटावर केप इव्हान्स येथे तळ पडला. पुढच्या वर्षीच्या ध्रुवयात्रेसाठी वाटेत अन्नसाठे पेरून ठेवायचे होते. त्यांतला सर्वांत मोठा साठा, सुमारे एक टन सामानाचा, ८० अंश दक्षिण अक्षांशावर ठेवायचा बेत होता. आठ तट्टे घेऊन मंडळी निघाली. भुसभुशीत बर्फात तट्टांचे पाय पोटापर्यंत रुतत. हिमवादळात ती थरथरत उभी राहत. ती झपाट्याने खंगली.

येथे या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग येतो. ओट्सचा सल्ला स्पष्ट होता. ही दुबळी तट्टे तशीही परत पोचणार नाहीत. तेव्हा त्यांना पुढे न्यावे, चालेनाशी झाली की मारावे, त्यांचे मांस साठ्यात ठेवावे, पण साठा ठरल्या जागीच व्हावा. घोड्यांवर जीव असलेल्या माणसाने हे सांगावे, यावरून त्याने किती विचार केला असेल ते कळते. स्कॉटला जनावरांचे हाल पाहवत नव्हते, आणि पुढच्या हंगामासाठी तट्टे वाचवायचीही होती. त्याने सल्ला मानला नाही. १७ फेब्रुवारी १९११ रोजी साठा ७९ अंश २९ मिनिटांवर ठेवून मंडळी मागे फिरली. ठरल्या जागेपासून हे अंतर सुमारे ५७ किलोमीटर कमी पडले, म्हणजे इंदूरहून उज्जैन जेवढे साधारण तेवढे. याचा पश्चात्ताप होईल, असे ओट्सने स्कॉटला तोंडावर सांगितले. मग तो गप्प बसला आणि पुन्हा तट्टांकडे गेला.

इतके करूनही आठांपैकी दोनच तट्टे तळावर परतली. काही वाटेत मेली, आणि काही समुद्रावरचे बर्फ फुटल्यामुळे गेली. त्या फुटलेल्या बर्फावर पंच नावाचे तट्टू उडी चुकून पाण्यात पडले. भोवती शिकारी देवमासे फिरत होते. त्याला वर काढता येईना. शेवटी ओट्सने हातातल्या कुदळीने त्याला मारले, ते देवमाशांच्या तोंडी जिवंत पडू नये म्हणून. घोडदळातल्या माणसाच्या वाट्याला यापेक्षा कठीण काम कोणते येणार?

आम्ही गेली बरीच वर्षे राज्य शासनाच्या नोकरीत आहोत. टिपणी खालून वर जाते आणि शेरा वरून खाली येतो, हा नोकरीचा नित्यनेम आहे. जाणकाराने लिहावे आणि वरिष्ठाने वेगळे ठरवावे, हे सर्वत्र घडते, आणि दर वेळी वरिष्ठच चुकतो असेही नाही. अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे मी सांगितले होते म्हणून हात झटकून मोकळे व्हावे. दुसरी म्हणजे निर्णय आपला नसला तरी काम आपलेच आहे असे मानून ते आणखी नेटाने करावे. ओट्स दुसऱ्या वाटेने गेला. म्हणूनच त्याच्या शेवटच्या दिवसाइतकाच त्याचा मधला हिवाळा आम्हांला मोलाचा वाटतो. तो दिवस जगाला माहीत आहे, हिवाळा फारसा कोणाला माहीत नाही.

दक्षिण गोलार्धातला १९११ चा हिवाळा म्हणजे चार महिने सूर्यदर्शन नाही. मुक्कामाच्या लाकडी घराच्या आडोशाला तबेला उभारला होता. चाऱ्याच्या गासड्या रचून त्याच्या भिंती भरल्या होत्या. सीलच्या चरबीवर चालणारी शेगडी तेथे धुरकट जळत असे. तिच्यापाशी बसून ओट्स तट्टांसाठी गरम कोंडा शिजवी. रोज अंधारात त्यांना फिरवणे, खुरांची निगा, त्वचेचे रोग, एकाला दुसऱ्याच्या लाथेपासून वाचवणे, सगळे तो करी. अँतोन नावाचा रशियन मोतद्दार त्याच्या हाताखाली होता. बाकीच्या मंडळींपुढे त्याने घोड्यांच्या निगेवर दोन व्याख्याने दिली. कधी फारसे न बोलणारा हा माणूस इतका रंगून बोलला की ऐकणारे चकित झाले. ख्रिस्तोफर नावाचे एक तट्टू अतिशय दुष्ट होते. त्याला स्लेजला जुंपायला चार माणसे लागत, आणि एकदा चालू लागले की मुक्काम येईपर्यंत थांबवता येत नसे. तट्टे वाटून देताना ओट्सने ख्रिस्तोफर स्वतःकडे घेतला.

याच काळात त्याने आणखी एक सल्ला दिला आणि तो मात्र मानला गेला. पुढच्या वर्षी तट्टांऐवजी हिमालयातली खेचरे आणावीत, असे त्याने सुचवले. हिंदुस्थानातल्या नोकरीत डोंगरी वाटांवर खेचरे काय काम करतात हे त्याला कळले होते. स्कॉटने हिंदुस्थान सरकारला लिहिले. या सात खेचरांची आठवण ठेवावी. ती या गोष्टीत पुन्हा येणार आहेत.

१ नोव्हेंबर १९११ रोजी दहा तट्टे घेऊन ध्रुवाकडे कूच झाली. ओट्सने सहा-आठ महिने खपून त्या मोडक्या जनावरांना चालते केले होते. त्यांच्यावर जे सोपवले होते ते त्यांनी केले. जसजसे ओझे कमी झाले, तसतसे एकेकाला गोळी घालून मांस माणसांना आणि कुत्र्यांना दिले गेले. ख्रिस्तोफरला ओट्सनेच मारले. ऐन वेळी तो हलला, पहिली गोळी नीट बसली नाही आणि जखमी जनावर छावणीत उधळत आले. ९ डिसेंबरला बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी उरलेली पाच तट्टे मारण्यात आली. पागा संपली. नेमून दिलेले ओट्सचे काम तेथे पुरे झाले होते. यापुढे स्लेज माणसांनीच ओढायच्या होत्या.

जानेवारी १९१२ च्या पहिल्या आठवड्यात स्कॉटने शेवटच्या टप्प्यासाठी माणसे निवडली. विल्सन, बॉवर्स, एडगर इव्हान्स आणि ओट्स. लष्कराचाही एक माणूस ध्रुवावर असावा असे स्कॉटच्या मनात असावे, असे पुढे अनेकांनी लिहिले आहे. ओट्सचा आखूड पाय तोवर हजार-बाराशे किलोमीटर चालून थकलेला होता. तो काही बोलला नाही. १७ जानेवारीला पाच जण ध्रुवावर पोचले. तेथे नॉर्वेच्या अ‍ॅमंडसेनचा तंबू आणि झेंडा आधीच उभा होता. तो १४ डिसेंबरला, म्हणजे ३४ दिवस आधी येऊन गेला होता. ओट्सने आपल्या नोंदीत अ‍ॅमंडसेनची मनमोकळी तारीफ केली.

परतीची वाट सुमारे १३०० किलोमीटरची. १७ फेब्रुवारीला एडगर इव्हान्स गेला. मार्च उजाडला आणि थंडी उणे ४० अंशांवर उतरली. साठ्यांतल्या डब्यांतले रॉकेल ठेवले होते त्यापेक्षा कमी भरू लागले, कारण झाकणांच्या चामड्याच्या चकत्या थंडीने खराब होऊन ते उडून गेले होते. रॉकेल कमी म्हणजे गरम अन्न कमी आणि पाणीही कमी. ओट्सच्या पायांना हिमदंश झाला होता. बोटे काळी पडली, सूज चढली. सकाळी बूट चढवायलाच त्याला तासाहून अधिक लागे आणि बाकीचे तिघे थांबून राहत. वाट पाहण्यातला प्रत्येक तास त्यांच्या आयुष्यातून वजा होत होता, आणि चौघांनाही ते कळत होते. त्याने विनवले की मला माझ्या पिशवीत येथेच सोडून पुढे जा. त्यांनी ऐकले नाही. त्याला चालवत आणखी काही मैल नेले.

त्या रात्री तो झोपला तो सकाळी जाग येऊ नये या इच्छेने. पण जाग आली. बाहेर हिमवादळ घोंगावत होते. तो उठला, जरा बाहेर जाऊन येतो, वेळ लागेल, इतकेच बोलला, आणि तंबूचे दार सारून वादळात गेला. पायांत बूटही घातले नाहीत. पुन्हा कोणी त्याला पाहिले नाही. तो दिवस १६ मार्च की १७ मार्च, हे स्कॉटलाही नक्की सांगता आले नाही. १७ असेल, तर तो त्याचा बत्तिसावा वाढदिवस होता.

त्याच्या जाण्याने बाकीचे वाचावेत हा हेतू होता. तो सफल झाला नाही. तिघे आणखी काही दिवस चालले आणि त्या एक टनाच्या साठ्यापासून ११ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे २० किलोमीटरवर, वादळात अडकले. इंदूर ते महूपेक्षाही हे अंतर कमी आहे. स्कॉटची शेवटची नोंद २९ मार्चची आहे. आता नकाशावर पाहावे. साठा ठरल्याप्रमाणे ८० अंशांवर असता, तर हा शेवटचा तंबू लागण्याच्या आधीच तो त्यांच्या वाटेवर आला असता. त्याने सारे वाचले असते असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. थंडी, रॉकेल, अपुरे अन्न, उशिरा निघणे, अशी कारणे पुष्कळ होती. पण वर्षभरापूर्वी एका घोडेस्वाराने ज्या ५७ किलोमीटरांसाठी वाद घातला, तेच अंतर शेवटी आडवे आले. आणि ओट्स बाहेर गेला तो आपला सल्ला न मानणाऱ्या माणसासाठीच. त्या दिवसांच्या स्कॉटच्या नोंदींत ओट्सविषयी गौरवच आहे, आणि ओट्सकडून शेवटच्या दिवसांत जुन्या वादाचा एक शब्दही निघाल्याची नोंद नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, ऑक्टोबर १९१२ च्या अखेरीस, शोधपथक निघाले. त्याचा प्रमुख ओट्सचा मित्र अ‍ॅटकिन्सन. त्याच्याबरोबर सामान ओढत होती ती हिंदुस्थानातून आलेली सात खेचरे. लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहेब ही त्यांची नावे. ज्याने त्यांना मागवले, त्याच्याच शोधाला ती चालली होती. १२ नोव्हेंबरला तंबू सापडला. तिघांवर तोच तंबू पाडून वर बर्फाची रास रचली. मग पथक ओट्सला शोधत आणखी दक्षिणेकडे गेले. देह मिळाला नाही. फक्त त्याची झोपण्याची पिशवी आणि पायताणे मिळाली. एक पायताण पुढून उभे चिरलेले होते, सुजलेला पाय आत जावा म्हणून. तेथे त्यांनी बर्फाची रास करून क्रूस रोवला आणि एका शूर सद्‌गृहस्थाने सोबत्यांना वाचवण्यासाठी येथे मृत्यू पत्करला, अशा अर्थाचा लेख ठेवला.

फेब्रुवारी १९१३ मध्ये बातमी जगाला कळली. गेस्टिंगथॉर्पच्या चर्चमध्ये पलटणीतल्या सहकारी अधिकाऱ्यांनी ओट्सच्या नावाचा पितळी फलक बसवला. आई कॅरोलाइन यांनी मुलाविषयी बाहेर फारसे बोलणे केले नाही. त्या दर आठवड्याला चर्चमध्ये जात आणि तो फलक स्वतःच्या हातांनी घासूनपुसून लखलखीत करत. हा नेम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. इनिस्किलिंग ड्रॅगून्स पुढे दुसऱ्या पलटणीत विलीन झाले, घोडे जाऊन रणगाडे आले, पण मार्चमधला एक रविवार ती पलटण अजूनही ओट्सच्या नावाने पाळते.